चढाचा हिशेब

२०२१ च्या जुलैतली गोष्ट. आषाढी होऊन पाच दिवस झाले होते. कोरोनामुळं त्याही साली पालख्या एसटीतनंच पंढरपूरला गेल्या होत्या. शाळा बंद होत्या, म्हणून आमची थोरली आणि तिची पोर आमच्या मळ्यात राहायला आल्या होत्या. थोरली हायस्कुलात गणित शिकवते. सकाळी ओट्यावर मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ती तिकडच्या पोरांना बीजगणित सांगायची, आणि मी गोठ्यात शेण काढता काढता ऐकायचो. रेंज गेली की ती माळावरच्या लिंबाखाली जायची.

आदल्याच दिवशी मीराबाई चानूनं टोकियोत रौप्यपदक घेतलं होतं. तेव्हापासून नात ऑलिम्पिकच्या मागं लागली होती. जेवतानासुद्धा मोबाइल ताटाशेजारी. रविवारी संध्याकाळी मी सोयाबीन खुरपून आलो, पाय धुतोय तोवर ती पळत आली.

"आबा, एका गणिताच्या बाईनं सायकलच्या शर्यतीत सोनं मारलं!"

मी म्हणलं, "कुठली गं?"

"ऑस्ट्रियाची. युनिव्हर्सिटीत गणित करते. आणि सगळ्यांना मागं टाकलं."

थोरली ओट्यावर मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुपारीच वाचलं मी ते." आणि परत मेथी निवडायला लागली.

दुपारी वाचलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं ते मला कळलं. तिलाही माहीत होतं की मला कळलंय. पण ते पुढं सांगतो. आधी त्या बाईचं सांगतो, कारण पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

तिचं नाव ॲना कीझेनहोफर. जन्म १९९१ चा. ऑस्ट्रिया देशातल्या एका खेड्यातली. व्हिएन्नात गणित शिकली, मग इंग्लंडात केंब्रिजला जाऊन वरची पदवी घेतली, आणि २०१६ साली स्पेनमधल्या बार्सिलोनाला डॉक्टर झाली. म्हणजे गणितातली डॉक्टर. पुढं स्वित्झर्लंडात लोझानच्या मोठ्या तंत्रविद्यापीठात ती संशोधन करायची आणि शिकवायची.

मी थोरलीला विचारलं, कसलं गणित करते ती? थोरली जरा विचारात पडली. दहावी झालेल्या बापाला काय सांगावं, असा तो विचार असणार. मग म्हणाली, "दादा, तुम्ही कांद्याला खताची एक गोणी टाकली तर अमुक कांदा येतो. दोन टाकल्या तर दुप्पट येतो का?"

मी म्हणलं, "छे. दुप्पट कसला? जास्त झालं तर नुसती पात माजते, कांदा पोसत नाही."

"तसलं गणित. दुप्पट जोर लावला म्हणून दुप्पट फळ मिळत नाही, अशा गोष्टींचं."

मला बरं वाटलं. म्हणजे आपण जन्मभर तेच करत आलो की! फक्त कागदावर मांडलं नाही.

तर ही बाई अभ्यासाबरोबर आधी पळायची आणि सायकल चालवायची. दोन्ही मिळून एक शर्यत असते, तसल्या शर्यतीत उतरायची. पुढं पळण्याच्या दुखापतीमुळं ते बंद झालं आणि नुसती सायकल राहिली. ज्या २०१६ साली ती डॉक्टर झाली, त्याच साली फ्रान्समधल्या अर्देश भागातल्या बायकांच्या मोठ्या शर्यतीत तिनं एक टप्पा जिंकला. एका हातानं प्रबंध आणि दुसऱ्या हातानं हँडल. पुढच्या वर्षी एका मोठ्या व्यावसायिक संघात गेली, पण तिथं जमलं नाही. थोड्या महिन्यांत बाहेर पडली. काही काळ शर्यतीच सोडल्या. मग २०१९ मध्ये परत आली ती आपल्या देशातली पहिलीच ठरली. टोकियोला गेली तेव्हा तिच्यामागं ना कुठला संघ, ना कुणी शिकवणारा. किती चालवायचं, काय खायचं, टोकियोच्या उन्हाला अंग कसं सोसवायचं, सगळं तिनंच मोजून-मापून ठरवलेलं.

त्या शर्यतीत सदुसष्ट बायका होत्या. अंतर १३७ किलोमीटर. टोकियोच्या पश्चिमेच्या एका बागेपासून निघायचं, डोंगर चढायचा, आणि फुजी पर्वताच्या पायथ्याला मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे तिथं पोचायचं. नेदरलँड्सच्या चार जणी होत्या, चारी जगात नावाजलेल्या. ऑस्ट्रियाची ही एकटी.

आता सायकलच्या शर्यतीतली एक गोष्ट मला थोरलीनं समजावून सांगायची गरज पडली नाही. घोळक्यात चालवणाऱ्याला वारा लागत नाही. मी १९७६ पासून बावीस-तेवीस वर्षं सायकलवर दूध घातलंय. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आणि सहा किलोमीटरवरच्या केंद्रावर जायचं. पुढून पश्चिमेचा वारा सुटला की कुणीतरी पुढं असावं असं वाटायचं. एखादा ट्रक हळू चालला असला तर त्याच्या पाठीला पाठ धरून जायचो. पुढचा वारा फोडतो, मागचा फुकट जातो. थोरली म्हणाली, वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि पायाला आठपट काम पडतं. आठपट! म्हणून शहाणी माणसं घोळक्यात दडून बसतात आणि शेवटी जोर काढतात.

हिनं उलटं केलं. शर्यत सुटली त्याच क्षणाला ही पुढं निघून गेली. तिच्याबरोबर आणखी चौघी गेल्या, पोलंडची, इस्रायलची, दक्षिण आफ्रिकेची आणि नामिबियाची. मागच्या मोठ्या बायकांनी मनात म्हणलं असेल, जाऊ द्या, दमतील आणि येतील मागं. अंतर वाढत वाढत दहा मिनिटांच्या वर गेलं. त्यातल्या दोघी गळाल्या, तिघी राहिल्या. आणि शेवटाला ४१ किलोमीटर राहिले असताना हिनं उरलेल्या दोघींनाही मागं टाकलं. तिथनं पुढं सगळा वारा तिच्या एकटीच्या छातीवर.

आता गंमत ऐका. इतर मोठ्या शर्यतींत चालवणाऱ्यांच्या कानात यंत्र असतं, मागनं गाडीतली माणसं सांगत राहतात की पुढं किती जणी आहेत. ऑलिम्पिकमध्ये ते नसतं. नेदरलँड्सच्या बायकांनी शेवटी शेवटी जोर काढला, पुढच्या त्या दोघींना गाठलं, आणि त्यांना वाटलं, झालं, आता पुढं कुणी नाही. मग अनेमीक व्हॅन व्ल्यूटन नावाची त्यांची पट्टीची बाई घोळक्यातनं निसटली, एकटीनं रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर केले. तिला वाटलं सोनं आपलं. पण कीझेनहोफर तिच्या आधी सव्वा मिनिट पोचून रस्त्यावर आडवी पडली होती.

मी त्या रात्री अंथरुणात हिशेब केला. १३७ किलोमीटर, तीन तास बावन्न मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंद. म्हणजे ताशी पस्तीसच्या वर. त्या वेगानं सव्वा मिनिटात पाऊण किलोमीटरच्या आसपास जाणं होतं. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे, त्यामुळं असले हिशेब मला कागदाशिवाय येतात. पाऊण किलोमीटर म्हणजे आमच्या मळ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत. एवढ्या अंतरानं ती पुढं होती आणि मागच्यांना पत्ता नव्हता. ऑस्ट्रियाला सायकलीत सोनं मिळालं होतं ते १८९६ साली, अथेन्सला, पहिल्या ऑलिम्पिकमध्ये. त्यानंतर एकदम हिचं.

नात म्हणाली, "आबा, त्या मोठ्या बायकांना मोजताच नाही आलं!"

थोरली म्हणाली, "मोजता येत होतं गं. हिला मोजण्यात धरलंच नव्हतं."

एवढंच म्हणाली ती. आणि मला रात्रभर झोप आली नाही.

आता माझं सांगतो.

१९९८-९९ साली माझी कंबर धरली. वाकता येईना, सायकलवर टांग टाकता येईना. थोरली तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, मी नेते दूध. लहान असताना कैची मारत शिकलेली पोर, आता नळीवरनं टांग टाकायला लागली होती. पहाटे धार काढून झाली की पंधरा-पंधरा लिटरचे दोन कॅन अडकवायची आणि निघायची. जाताना सगळा चढ, येताना उतार. दूध घालून घरी यायची, आंघोळ करून शाळेत जायची. एक दिवस खाडा नाही केला. पावसात नाही, थंडीत नाही. गणितात वर्गात पहिली.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला रस्त्यात बघितलं. त्यांनी तालुक्याच्या शर्यतीत तिचं नाव घातलं. दुधाच्या सायकलीचं कॅरिअर काढलं, साखळीला तेल घातलं आणि ती गेली. बाकीच्या पोरींच्या चांगल्या सायकली, हिची माझी जुनी काळी घोडी. दुसरी आली. मग जिल्ह्याला गेली, तिथं पहिली आली. तांब्याएवढा कप घेऊन आली. पुढं विभागाची शर्यत होती. सर घरी आले, ओट्यावर बसून चहा घेतला, म्हणाले, "पोरीच्या पायात काहीतरी आहे. पाठवा तिला."

मी म्हणलं, "सर, आता दहावी आली. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही. गणितात डोकं आहे, शिकू द्या."

सर गेले. सहा-सात दिवसांत मी ती सायकल चारशे रुपयांना विकली आणि दूध न्यायला एक गडी लावला. पोरीला सांगितलं, अभ्यास कर. ती काही बोलली नाही. तिनं अभ्यास केला. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस पडले. गावानं पेढे खाल्ले. मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो की बघा, वेळेवर सायकल बंद केली म्हणून पोरगी शिकली.

हे खोटं होतं. पोरगी दूध घालून, शर्यती करूनच वर्गात पहिली येत होती. सायकलमुळं तिचा एक मार्क कमी झाला नव्हता. खरं कारण वेगळं होतं. जिल्ह्याच्या शर्यतीत तिनं अर्धी चड्डी घातली होती, आणि त्याचा फोटो शाळेच्या फळ्यावर लागला होता. पारावर एकानं मला विचारलं, "काय पाटील, पोरीला सर्कशीत घालणार का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मी सायकल विकायचं ठरवून टाकलं होतं. अभ्यासाचं कारण मागनं शोधलं. ते इतकं चांगलं कारण होतं की पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं.

आणि आता दूर ऑस्ट्रियातली एक बाई, गणितातली डॉक्टर, दोन्ही डगरींवर हात ठेवून वर चढून बसली होती. माझ्याकडं कारण उरलं नव्हतं.

चार दिवसांनी मी माळ्यावर चढलो. जुन्या पत्र्याच्या पेटीत डेअरीच्या हिशेबाच्या वह्या होत्या. लिटर, फॅट, दर, रक्कम. १९९९ ची वही सापडली. तिच्या मागच्या पानांवर थोरलीचं अक्षर होतं. त्या काळात मी ते बघितलं होतं, आणि पोरीनं वही खराब केली म्हणून ओरडलोही होतो. आता चष्मा लावून नीट वाचलं. रोजची तारीख. घर ते खिंड किती मिनिटं, खिंड ते केंद्र किती मिनिटं. दूध किती लिटर. वारा पुढून का मागून. एके ठिकाणी लिहिलेलं, "चढाला जास्त जोर लावायचा, उताराला दम खायचा. उताराला जोर लावून फार फरक पडत नाही, वाराच जास्त लागतो." पंधरा वर्षांच्या पोरीनं, कुणी न सांगता, रोज दूध घालता घालता हे काढलं होतं. त्या कीझेनहोफर बाईनं टोकियोसाठी केलं ते याच जातीचं. तिनं ते शेवटपर्यंत नेलं आणि माझ्या पोरीची वही मार्चमध्येच थांबली. सायकल विकली त्या दिवशी.

संध्याकाळी मी वही थोरलीच्या पुढं ठेवली. तिनं उघडली. बराच वेळ पानं चाळत होती. मला वाटलं आता रडेल. पण ती एका पानावर थांबली आणि हसली.

"दादा, इथं चुकलंय की माझं."

त्या पानावर लिहिलं होतं: जाताना ६ कि.मी., ३० मिनिटं, वेग १२. येताना ६ कि.मी., १५ मिनिटं, वेग २४. सरासरी वेग १८.

मी म्हणलं, "बरोबर तर आहे. बारा आणि चोवीस, मधले अठरा."

"नाही. जाऊन-येऊन बारा किलोमीटर झाले. वेळ किती लागला? तीस आणि पंधरा, पंचेचाळीस मिनिटं."

मी मनात मांडलं. पाऊण तासात बारा. म्हणजे पाव तासात चार. तासात सोळा.

"सोळाच होतात की गं!"

"हां. सगळी पोरं इथं चुकतात. चढाला आपण जास्त वेळ असतो, म्हणून चढाचं वजन जास्त. चढाला गेलेला वेळ उताराला भरून निघत नाही, दादा. उतार कितीही जोरात मारला तरी."

तिनं हे वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणलं, "पोरी, त्या साली मी सायकल विकली, ती अभ्यासासाठी नव्हती विकली."

"माहितीय मला," ती म्हणाली. "तो फोटो मीच फळ्यावरनं काढून आणला होता. आईच्या पेटीत आहे."

मग तिनं नातीकडनं पेन्सिल मागितली, अठरावर काट मारली आणि शेजारी सोळा लिहिले.

त्याच आठवड्यात मी संगमनेरला गेलो. दुकानं चारलाच बंद होत होती, म्हणून सकाळीच निघालो. नातीला सायकल घ्यायची होती. निघताना थोरली दारात आली.

"दादा, जरा उंच फ्रेमची बघा. माझ्या मापाची. तिला सीट खाली करून देता येईल."

मी काही विचारलं नाही. उंच फ्रेमची आणली.

आता दूध न्यायला पिकअप मळ्यातच येतो, पण रस्ता तोच आहे. डांबरी झालाय एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी धारेला उठलो तर सायकल जागेवर नव्हती. नात झोपलेली. मी गोठ्यातल्या घड्याळाकडं बघत बसलो. म्हैस पान्हवून उभी राहिली तरी मला भान नव्हतं. साधारण तासाभरानं ती आली. तोंड लाल झालं होतं आणि धाप लागली होती. पारावर कुणी होतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हणलं, "चहा टाकायला सांगू का आईला?"

ती मान हलवून आत गेली, वही घेऊन ओट्यावर बसली. १९९९ च्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून तिनं त्या दिवसाची तारीख टाकली आणि लिहिलं: घर ते केंद्र, ३४ मिनिटं. वारा पुढून. कॅन नाहीत.